कंटेनरच्या गाडीवर मुलगा पाठवताना



छाटणी, हुमणी, माती परीक्षण हे माझे नेहमीचे विषय. आज थोडा आडवाटेने जाणार आहे. गेली काही वर्षे आमच्या तालुका कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करायला आलेली माणसे उठता उठता हळूच वेगळेच विचारतात, "साहेब, पोरगं कंटेनरच्या गाडीवर जायचं म्हणतंय. पाठवावं का?"

मी काही आरटीओचा माणूस नव्हे. पण आमच्या भागात निर्यातीची द्राक्षे आहेत आणि नोंदणी केलेल्या बागा तपासण्याच्या निमित्ताने माझे पॅकहाऊसांत येणे-जाणे असते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत त्या अंगणात लांबलचक ट्रेलर उभे असतात आणि त्यांवरची निम्मी पोरे शेतकऱ्यांचीच असतात. कोणी चांदवडचा, कोणी सिन्नरचा, कोणी पार बीडकडचा. त्यांच्याशी बोलून आणि एकदा त्यांच्याबरोबर बंदरापर्यंत जाऊन जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

कंटेनर म्हणजे लोखंडी पेटी. रुंदी ८ फूट, लांबी २० नाहीतर ४० फूट. जगात कोठेही जा, माप हेच. त्यामुळे तीच पेटी गाडीवर बसते, रेल्वेच्या वाघिणीवर बसते आणि जहाजावरही बसते. आतला माल कोणी हलवत नाही, पेटीच उचलून इकडची तिकडे ठेवतात. ही पद्धत रुजवली ती माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकेतल्या एका मालमोटारवाल्याने. तोही शेतकऱ्याचाच मुलगा, नॉर्थ कॅरोलिनाकडचा. १९३४ साली एका जुन्या ट्रकवर त्याने धंदा सुरू केला आणि २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. आपल्याकडे उरण तालुक्यात न्हावा शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, ते मुख्यतः या पेट्यांसाठीच. नागपूरकडची पेटी रेल्वेने येते, तेव्हा गाडीवाल्याकडे फक्त दोन टोकांचा थोडा थोडा रस्ता उरतो. नाशिककडची द्राक्षे मात्र पॅकहाऊसच्या दारापासून बंदराच्या फाटकापर्यंत ट्रेलरनेच जातात.

आता आपल्या मुलाला काय करावे लागते ते पाहू. पहिली गोष्ट गाडीची. ट्रेलर म्हणजे एक गाडी नव्हे, दोन. पुढचा इंजिनाचा भाग, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, आणि मागचा लांब सांगाडा. दोन्ही एका जाड खिळीवर जोडलेले असतात आणि तेथेच वळतात. ज्या मुलाने ट्रॅक्टरला दोनचाकी ट्रॉली लावून ती गोठ्यात मागे घेतली आहे, त्याने या कामाचा पहिला धडा घरीच गिरवलेला असतो. ट्रॉलीची मागची बाजू डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. शहरातली पोरे येथेच अडतात. मात्र ट्रॉली दहा-बारा फुटांची आणि हा सांगाडा चाळीस फुटांचा. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापत येतात. तेव्हा कोपऱ्यावर डाव्या अंगाला कोणी मोटारसायकलवाला घुसला तर तो आरशातही दिसत नाही.

उंचीचे तर विचारूच नका. थंड मालाच्या मोठ्या पेट्या साडेनऊ फूट उंच असतात. खालचा सांगाडा धरला तर जमिनीपासून चौदा फुटांच्या आसपास उंची होते. महामार्गावर तिचे काही वाटत नाही. पण पॅकहाऊस असते गावाच्या आत, आणि गावात विजेच्या तारा असतात लोंबत्या, बाभळीच्या फांद्या असतात रस्त्यावर. शहाणा ड्रायव्हर नव्या गावात शिरताना गाडी थांबवतो, खाली उतरून शंभर पावले चालत पुढे जातो आणि मग गाडी आत घेतो. त्याला कोणी भित्रा म्हणाले तर म्हणू द्यावे.

पेटी सांगाड्यावर नुसती ठेवलेली नसते. चार कोपऱ्यांवर चार फिरती कुलपे असतात, त्यांना ट्विस्ट लॉक म्हणतात. चारही स्वतःच्या हाताने फिरवून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असतात. एखादे उघडे राहिले तर वळणावर पेटी सांगाड्यावरून निसटू शकते. उलट बंदरात क्रेनने पेटी उचलताना एखादे लागलेले राहिले तर पेटीबरोबर सांगाडाही वर उचलला जातो, आणि घोड्यात ड्रायव्हर बसलेला असतो! क्लीनरने पाहिले असेल, असे म्हणून चालत नाही.

याहून अवघड बाब म्हणजे बंद दाराची. कांद्याची गाडी भरताना ड्रायव्हर समोर उभा असतो, गोण्या कशा लागल्या ते पाहतो, दोरखंड स्वतः आवळतो. येथे पेटी भरणारे वेगळे, दार लावणारे वेगळे, आणि दारावर नंबराचे सील ठोकले की आत काय आहे व कसे रचले आहे हे पाहायची सोय नाही. वजन एका अंगाला असले तर ते त्याला पहिल्या वळणावर कळते. म्हणून पॅकहाऊसमधून निघाल्यावर पहिले पाच-सात किलोमीटर गाडी हळू न्यावी, ती कोणत्या अंगाला झुकते ते पाहावे. सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवून घ्यावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. पुढे काही कमी-जास्त निघाले तर पहिले बोट ड्रायव्हरकडेच वळते.

रिकामी पेटी यार्डातून घेतानाही हेच. पोरे घाईत असतात, पावती घेतात आणि निघतात. खरे तर एकाने बाहेर उभे राहावे, दुसऱ्याने आत शिरून दार ओढून घ्यावे आणि अंधारात कोठून उजेडाची तिरीप येते का ते पाहावे. भोक असेल तर उजेड दिसतोच. पत्र्याला पोचे आहेत, दार वाकडे आहे, ते सारे पावतीवर लिहून घ्यावे. नाहीतर दुसऱ्याने पाडलेला पोचा आपल्या पोराच्या पगारातून वसूल होतो.

दार ओढायचे ते रिकाम्या आणि स्वच्छ हवेच्या पेटीचे, हे मात्र विसरू नये. परदेशातून आलेल्या पुष्कळ पेट्यांत कीड मारण्यासाठी विषारी धूर दिलेला असतो. आपण धान्याच्या कोठीत ज्या गोळ्या ठेवतो त्यांचाच हा मोठा भाऊ समजा. त्या गोळ्यांनी गावोगाव काय अनर्थ झाले आहेत ते मी माझ्या नोकरीत पाहिले आहे, म्हणून येथे जरा थांबतो. अशा पेटीवर इशाऱ्याचा कागद चिकटवलेला असतो, कधी तो पावसाने गळूनही पडलेला असतो. दार उघडले की ताबडतोब आत डोके घालू नये. दोन्ही पाखे उघडी टाकावीत, बाजूला वाऱ्याच्या अंगाला उभे राहावे आणि माल उतरवणाऱ्यांनी आत जायला हरकत नाही असे सांगितल्यावरच जवळ जावे. आणि सावली आहे म्हणून पेटीत झोपणे, हा प्रकार तर कधीच नको.

द्राक्षाच्या पेटीला यंत्र असते. त्या पेटीत साधारण बारा ते पंधरा टन माल जातो आणि आतली थंडी शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागते. हे यंत्र विजेवर चालते. बंदरात आणि जहाजावर वीज मिळते. रस्त्यावर डिझेलचा जनरेटर लावलेला असतो, त्यावर ते चालते. पुष्कळांना वाटते की पेटी माल गार करते. तसे नाही. माल पॅकहाऊसातच गार करून भरावा लागतो, पेटी फक्त तो गारवा टिकवते. म्हणजे जनरेटर दोन-तीन तास बंद पडला आणि ड्रायव्हर झोपलेला असला, तर बागाईतदाराची वर्षाची मेहनत रस्त्यातच बिघडायला लागते.

२०१८ च्या मार्चमध्ये, मालकाची परवानगी काढून, मी अशा एका गाडीतून गेलो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे पॅकहाऊस. ड्रायव्हर चांदवड तालुक्यातला, वय सत्तावीस-अठ्ठावीस, घरी तीन एकर जिरायत. आदल्या रात्री उरणहून रिकामी पेटी घेऊन निघालेला तो मुलगा सकाळी सहाला फाटकाशी हजर होता. माल गार व्हायचा होता. मग मजूर जेवायला गेले. मग कागद तयार नव्हते. पेटी भरून, सील लागून आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. तेरा तास तो त्या अंगणात होता, आणि त्याला बसायला सावली होती ती फक्त त्याच्याच गाडीची. पॅकहाऊसच्या संडासाला कुलूप होते, "ड्रायव्हर लोकांसाठी नाही" म्हणून सांगितले. ज्यांची द्राक्षे तो नेणार होता ते बागाईतदारही तेथेच होते. आपल्यापैकी ज्यांच्या दारी अशी गाडी येते त्यांना माझी विनंती आहे, त्या पोराला पाणी विचारा, आणि मोरी कोठे आहे तेही दाखवा.

इगतपुरीला चहाला थांबलो. मी टपरीकडे वळलो. तो आधी पेटीच्या नाकाडाशी गेला, तेथल्या काचेतला आकडा पाहिला, जनरेटरचे डिझेल पाहिले, टायरांवर हात ठेवून कोणते जास्त तापले आहे का ते पाहिले आणि मग हात धुऊन चहाला आला. पुढे कसारा घाट. घाटाच्या तोंडाशीच त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली आणि पायथ्यापर्यंत ती तशीच ठेवली. मी म्हणालो, मागचे हॉर्न वाजवताहेत. तो म्हणाला, "वाजवू द्या साहेब. ब्रेक दाबून उतरलो तर निम्म्या घाटात ड्रम तापतील, मग ब्रेक लागायचाच नाही." उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग असतात. ते वाचलेले डिझेल फार महाग पडते. आता ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला आहे आणि लांब बोगद्यातून तो घाट टाळता येतो. पण सगळेच मालक त्या टोलचे पैसे देतात असे नाही. तेव्हा घाट यायलाच हवा.

शहापुरात जेवलो. ठाण्याच्या हद्दीत अवजड गाड्यांना ठराविक वेळीच सोडतात, त्यासाठी अलीकडेच थांबलो. कळंबोलीवरून करळ फाट्याशी पोहोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि पुढे ट्रेलरांची रांग लागली होती. बंदरात एक नव्हे, अनेक टर्मिनल आहेत. प्रत्येकाचे फाटक वेगळे, आणि आत जायला फॉर्म १३ म्हणून कागद लागतो, तो आला नसेल तर गाडी बाहेर. जहाजासाठी पेट्या घेण्याची वेळही ठरलेली असते, ती टळली तर पेटी पुढच्या जहाजाची वाट पाहते. रांगेत तो झोपला असे म्हणता येणार नाही. दहा मिनिटे डोळा लागायचा, पुढची गाडी हलली की हा जागा. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मी सकाळी नऊला उतरून पनवेलला गेलो. दुपारी दोननंतर त्याचा फोन आला, पेटी उतरली.

आता हिशेब करा. पॅकहाऊसच्या फाटकापासून पेटी उतरेपर्यंत ३२ तास. त्यांत गाडी चालली सात तास, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बाकीचे पंचवीस तास थांबणे, आणि तेही जागे राहून थांबणे. बंधूंनो, या नोकरीचा खरा गाभा हा आहे. पोरांना वाटते की आपण चाळीस फुटी गाडी हाकणार. हाकणे थोडेच असते. वाट पाहायची, कागद सांभाळायचे आणि अर्धवट झोपेत सावध राहायचे, याचाच हा धंदा. ज्या पोराला रिकामे बसले की हात शिवशिवतात, मग तंबाखू, मग पत्ते, मग बाटली, त्याचे येथे नुकसान होईल. ज्याला रात्री पाण्याच्या पाळीवर बांधावर बसून मोटर चालू होण्याची वाट पाहायची सवय आहे, तो टिकेल.

आणि पैसा याच गाभ्याशी अडकलेला आहे. पुष्कळ ठिकाणी महिन्याचा पगार लहान असतो आणि मुख्य कमाई फेरीच्या भत्त्यावर असते. फेरी जितकी लांबते तितक्या महिन्याच्या फेऱ्या कमी होतात. गाडी अडकून पडल्याबद्दल मालक माल पाठवणाराकडून हॉल्टिंग म्हणून पैसे घेतो. त्यातले ड्रायव्हरला काही मिळते का? हा प्रश्न कामाला लागण्यापूर्वी विचारायचा. त्याबरोबर हेही विचारावे की वाहनतळाचे पैसे कोण देणार, पोलिसांचा दंड कोण भरणार, टायर फुटला तर कोणाच्या माथी, आणि फेरीला निघताना खर्ची किती मिळणार. विम्याचे विचारावे आणि भविष्यनिर्वाह निधी कापतात का तेही. मुलगा लाजतो, म्हणून पहिल्या दिवशी बापाने बरोबर जावे. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास हे काम, असे १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिले गेले. रस्त्यावर ते किती पाळले जाते हे वरच्या ३२ तासांवरून आपणच ओळखा.

लायसनचे थोडक्यात सांगतो. मालवाहू गाडीसाठी वय २० पूर्ण हवे. आधी हलक्या वाहनाचे लायसन निघून एक वर्ष झालेले हवे. डॉक्टरचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. तरी मी म्हणेन, ज्याला इंग्रजी आकडे आणि अक्षरे चटकन वाचता येत नाहीत त्याने या कामाला जाण्याआधी ती शिकावीत. पेटीवरची चार अक्षरे आणि सात आकडे, सीलचा नंबर, टर्मिनलचे नाव, सारा कारभार त्यावर चालतो. लायसन हातात आले म्हणजे ट्रेलर आला असे नाही. पहिले वर्ष-सहा महिने जाणत्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून काढावेत. दलाल म्हणतील, "एका महिन्यात गाडी देतो." अशा गाडीवर चढू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. गेल्या वर्षी दिंडोरी तालुक्यातले एक कुटुंब माझ्याकडे आले. दोघे भाऊ, आई आणि धाकट्याची बायको. धाकट्याला स्वतःचा ट्रेलर घ्यायचा होता. बँकेचे कर्ज, आणि मार्जिनसाठी वीस गुंठे विकायचे किंवा सातबाऱ्यावर बोजा चढवायचा. मी त्यांना पिकाचा काढतो तसाच खर्च मांडून दाखवला. हप्ता दर महिन्याला येतो, तो सुगीची वाट पाहत नाही. द्राक्षाचे काम तीन-चार महिने, मग पावसाळ्यात गाडी कोणत्या मालावर चालणार? एका ट्रेलरला अठरा-बावीस टायर. विमा, फिटनेस, परमिट. भाड्याचे पैसे कंपनी महिना-दोन महिन्यांनी देते आणि डिझेल रोख लागते. धाकटा म्हणाला, "पण दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस राबायचं?" प्रश्न खरा होता. मी म्हणालो, दोन वर्षे. दोन वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर प्रत्येक फेरीचा हिशेब वहीत लिही, किती तास चालली, किती तास उभी राहिली, मालकाला भाडे किती मिळाले. वही भरली की मग जमिनीचे बोलू. आई काही बोलली नाही. थोरल्याला ते पटले असे वाटले. धाकट्याची बायको मात्र जाताना मागे वळून म्हणाली, "वही मी लिहीन. ते फोनवर सांगतील." मध्यंतरी त्या गावी माती नमुन्यांना गेलो होतो, तेव्हा तिने ती वही आणून दाखवली. चौदा महिन्यांच्या नोंदी. शेवटच्या रकान्यात तिने स्वतःच्या मनाने आणखी एक नोंद ठेवली होती, घरी किती रात्री आले. वीस गुंठे अजून त्यांच्याच नावावर आहेत आणि त्यात या खरिपात टोमॅटो होता.

सुविधा थोड्या थोड्या सुधारताहेत, हेही सांगायला हवे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. बंदराजवळ ट्रेलरांसाठी मोठा वाहनतळ झाला आहे. पण जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे चालतील आणि नव्या पोराला गाडी मिळते ती जुनीच.

भगिनींनो, मुलगा पहिल्या फेरीला निघेल तेव्हा त्याच्याबरोबर वीस लिटरचा पाण्याचा कॅन द्या, बंदराच्या रांगेत पाणी विकत घ्यावे लागते. दशम्या द्या, त्या दोन दिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी. कागदांसाठी चेनची प्लास्टिकची पिशवी, टायर आणि कुलपे पाहायला चांगली विजेरी, एक जुनी सतरंजी. फोन आपण लावू नका, त्याला गाडी उभी करून लावू द्या. चालत्या गाडीत आईचा फोन वाजला की पोरगा तो उचलतोच.